कोरा वाजवत गोष्ट सांगायची आहे, पण सूर टिकत नाही आणि बोलताही येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेनेगलमधल्या डाकारहून २१ तारांचा कोरा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले अर्ध्या भोपळ्याचे तंतुवाद्य, पुण्यात आणला आहे. त्याच्या तारा दांडीवरच्या चामड्याच्या कड्यांनी सुरात लावतात. जून लागल्यापासून सूर अर्धा तासही टिकत नाही. शाळांमध्ये सुंजाता या मालीच्या राजाची आणि अनान्सी या जाळे विणणाऱ्या कोळ्याची गोष्ट या वाद्याच्या साथीने सांगायची आहे, पण बोलायला लागले की हात थांबतात आणि हात चालले की वाक्ये तुटतात. कडी काढून गिटारच्या खुंट्या बसवाव्यात का, आणि वाजवणे-बोलणे एकत्र कसे साधायचे, अशी विचारणा आहे. शिवाय ‘बाईने कोरा वाजवलेला चालतो का’ हेही शेवटी विचारले आहे.

वाचताना मला जाणवले ते असे, की कोरा इथे गोष्टीमागचे पार्श्वसंगीत धरला गेला आहे. लढाई आली की जोरात, दुःख आले की हळू. पश्चिम आफ्रिकेतल्या मान्दे समाजांत जेली, म्हणजे पिढीजात गायक-कथाकार (गांबियात त्यांना जाली म्हणतात, फ्रेंचांमुळे ग्रियो हे नाव जगभर गेले), तसे करत नाहीत. तिथे वाद्याची एक आवर्ती चाल आधी सुरू होते आणि ती आपल्या गतीने चालत राहते. गोष्ट त्या चालीवर बसते, हवी तेव्हा उतरते, पुन्हा बसते. चाल गोष्टीच्या मागे धावत नाही. ही घडी एकदा बसली की बोलण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. पण त्यासाठी वाद्याने आपल्याकडे सारखे लक्ष मागता कामा नये, म्हणून आधी सुराचे पाहू.

कोऱ्याचा सूर दोन वेगवेगळ्या कारणांनी उतरतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. सगळ्या तारा एकदम, साधारण सारख्याच प्रमाणात उतरल्या असतील तर दोष कातड्याचा. अर्ध्या भोपळ्यावर ताणलेले गाईचे कातडे हवेतला ओलावा पिते, सैल पडते, त्यावर उभी असलेली, तारा पेलणारी उंच घोडी थोडी खाली बसते आणि २१ तारांचा ताण एकाच वेळी कमी होतो. याउलट चार-पाच ताराच उतरल्या असतील तर कडे घसरते आहे, गाठ सरकते आहे किंवा नायलॉन नवे आहे. ओळखायची सोपी युक्ती अशी: वाद्य सुरात लावून झाले की दांडीवर प्रत्येक कड्याच्या वरच्या कडेला पेन्सिलने बारीक खूण करा. तासाभराने पाहा. कडे खुणेखाली आले असेल तर ते घसरते आहे. कडे जागच्या जागी असूनही तार उतरली असेल तर खालची गाठ पाहा. गाठही पक्की असेल तर नायलॉन अजून ताणले जाते आहे. नवी नायलॉनची तार स्थिर व्हायला काही दिवस घेतेच, तिच्यावर वैतागून उपयोग नाही.

कडे घसरत असेल तर बहुतेक वेळा दांडी गुळगुळीत झालेली असते. लाकडाला पॉलिश किंवा तेल लावायची आपली सवय इथे अंगाशी येते. दांडीवरचे तेल कोरड्या सुती कापडाने निपटून काढा आणि कड्याखाली व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ अगदी थोडी चोळा. साधा खडूही चालतो. राळ जास्त झाली तर कडे चिकटून बसेल आणि सुरात आणताना एकदम झटक्याने हलेल, म्हणून चिमूटभरच. कड्याची वीण सैल झाली असेल तर राळेने काही होणार नाही, ते बदलावेच लागते. कच्च्या चामड्याची पट्टी भिजवून दांडीभोवतीच विणायची आणि पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर तार चढवायची नाही. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरा. ओलसर कड्यावर ताण दिला की ते लांबते आणि पुन्हा कधीच धरत नाही.

कातड्यासाठी हवाच सांभाळावी लागते. वाद्य ज्या खोक्यात किंवा कपाटात राहते तिथली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम. पुण्यात जुलैमध्ये उघड्या खोलीत ती ८० च्या वर जाते. बंद कपाट, आत पाव किलोभर सिलिका जेलच्या पिशव्या, आणि एक साधा आर्द्रतामापक एवढे पुरते. जेल ओलसर झाले की तापवून पुन्हा वापरता येते. कातडे गॅसजवळ, हेअर ड्रायरने किंवा कडक उन्हात सुकवू नका. तारा चढलेल्या असताना कातडे झपाट्याने आवळले तर ते कडेच्या खिळ्यांपाशी फाटते, आणि तिथे फाटलेले कातडे शिवून टिकत नाही, पूर्ण बदलावे लागते. मेमध्ये नेमके उलटे होते: हवा कोरडी, कातडे घट्ट, सूर चढलेला. तेव्हा वाजवून झाल्यावर सगळ्या तारा अर्धा ते एक स्वर उतरवून ठेवा.

आता एक धोक्याची सूचना. घोडी कातड्यावर चिकटवलेली नसते. ती फक्त तारांच्या दाबाने उभी असते. कार्यक्रम नाही म्हणून किंवा विमानप्रवासासाठी सगळ्या तारा मोकळ्या केल्या तर घोडी पडते, आणि ती पुन्हा नेमकी बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. तार बदलायची असेल तर एका वेळी एकच. शिवाय कडी वर ओढताना प्रत्येक वेळी घोडीचा माथा दांडीच्या दिशेने किंचित ओढला जातो. हे महिनोन्‌महिने साचत जाते आणि एक दिवस घोडी आडवी होते. म्हणून दर वेळी सूर लावण्याआधी बाजूने पाहा. घोडी झुकलेली दिसली तर काही तारा थोड्या सैल करून दोन्ही हातांनी तिचा माथा हळूहळू मागे घ्या. तिच्या खालची कापडाची गादीही जागेवर आहे ना, ते तेव्हाच पाहून घ्या.

खुंट्यांविषयी. हे परिस्थितीवर अवलंबून आहे. हार्मोनियम, तबला किंवा बासरीसोबत ठराविक पट्टीत वाजवायचे असेल, एका कार्यक्रमात पट्टी बदलायची असेल, तर यांत्रिक खुंट्यांचा कोरा सोयीचा आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. आज अनेक नामवंत वादक तसेच वाजवतात. पण हातातल्या कोऱ्याची दांडी त्यासाठी घडवलेली नाही. तिला २१ भोके पाडली तर ती कमकुवत होते आणि तारांच्या ताणाने वाकते. खुंट्यांसाठी दांडीच वेगळी, जाड आणि सपाट बाजूची करतात. एकट्याने गोष्ट सांगायची असेल तर कडी राहू द्या. कड्यांवर हात बसला की सूर लावायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पकड अशी: भोपळा मांडीवर किंवा दोन पायांत, दांडी आपल्याकडे. कडे दोन्ही हातांच्या बोटांत धरून आधी किंचित पिळायचे, म्हणजे त्याची पकड सुटते, मग पिळलेल्या अवस्थेतच वर ढकलायचे आणि सोडायचे. वर म्हणजे भोपळ्यापासून दूर, तिकडे सूर चढतो. नुसते ढकलले तर कडे हलत नाही, आणि हलले तर प्रमाणाबाहेर.

भोपळ्याला तडा गेला असेल तर त्याची काळजी करू नका. तो आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याच्याच जातीचा आहे, त्यामुळे मिरजेतला तंबोरे करणारा कारागीर तो नीट सांधू शकतो. त्याला एवढेच सांगा, की बाहेरून लाख किंवा जाड रोगण चढवायचे नाही, नाद दबतो. कातडे मात्र तबल्याच्या पुडीसाठी वापरतात तसले शेळीचे घालू देऊ नका. २१ तारा आणि त्यांच्यावरची घोडी पेलण्याइतका दम त्यात नसतो.

तारांची रचना सरगमात सांगतो, म्हणजे लक्षात राहील. पांढरी चार (हार्मोनियमची चौथी पांढरी पट्टी) हा सा धरा. डाव्या हाताला ११ तारा, खालून वर: मंद्र सा, मंद्र प, मंद्र ध, मंद्र नी, मध्य रे, मध्य म, मध्य ध, तार सा, तार ग, तार प, तार नी. उजव्या हाताला १०: मध्य सा, मध्य ग, मध्य प, मध्य नी, तार रे, तार म, तार ध, आणि त्याच्याही वरचे सा, रे, ग. म्हणजे सरळ सप्तक वाजवायचे तर हात आलटून पालटून पडतात, आणि एकाच स्वराचा पुढचा सप्तक बहुधा दुसऱ्या हाताला येतो. सुरुवातीला हे त्रासाचे वाटते, पण कोऱ्याची वेगवान, झऱ्यासारखी सरसर याच रचनेमुळे निघते. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या वाजवतात. उरलेली तीन-तीन बोटे वाद्याच्या दोन उभ्या मुठी (धरायच्या काठ्या) धरून असतात. अंगठ्यांकडे खालचे स्वर, तर्जन्यांकडे वरचे.

सूर लावताना आधी उजवीकडची पहिली तार, मध्य सा, ट्यूनरवर घ्या. मग बाकीचे सा: डावीकडची पहिली आणि आठवी, उजवीकडची आठवी. मग सगळे प: डावीकडची दुसरी आणि दहावी, उजवीकडची तिसरी. हे सा-प कानाने पक्के झाले की उरलेले स्वर त्यांच्याशी जुळवत जा. एक फेरी झाली की पहिल्या तारा उतरलेल्या सापडतील. ती चूक नाही. जसजशा तारा चढतात तसतसा घोडीवरचा दाब वाढतो, कातडे थोडे दबते आणि आधी लावलेल्या तारा सैलावतात. दोन-तीन फेऱ्या गृहीत धराव्यात. पांढरी चार गळ्याला जमत नसेल तर सगळे वाद्य अर्धा स्वर खाली घ्या. त्याहून फार खाली गेलात तर जाड तारा लोंबल्यासारख्या वाजतात.

या रचनेतून शुद्ध स्वरांची सिलाबा ही बैठक, म्हणजे सूर लावण्याची ठरलेली पद्धत, मिळते. काही ठिकाणी तिला तोमोराबा म्हणतात. त्यातल्या फक्त दोन तारा, डावीकडचा मध्य म आणि उजवीकडचा तार म, अर्धा स्वर चढवल्या की साउता तयार होतो, म्हणजे तीव्र मध्यम आला. तोमोरा मेसेंगो आणि हार्दिनो या आणखी दोन बैठकी आहेत, त्या मात्र प्रत्यक्ष जाणकाराच्या कानाने शिकाव्यात. साउताला कल्याण आणि सिलाब्याला बिलावल समजून त्यात रागाचे चलन शिरू देऊ नका. जेलींचे स्वर ट्यूनरच्या काट्याशी किंवा हार्मोनियमशी तंतोतंत जुळत नाहीत, घराण्याघराण्यांत थोडा फरक असतो. ट्यूनर सुरुवातीच्या ओळखीपुरता ठेवा.

आता मूळ अडचण, वाजवत बोलण्याची. यूट्यूबवरच्या एकल कोरावादनावरून शिकायला सुरुवात झाली असेल तर ती अडचण येणारच होती. मैफलीत कोऱ्यानेच सगळे बोलायचे, गायक नाही, कथा नाही, हा प्रकार प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. मालीचे तुमानी द्याबाते यांची एकल ध्वनिमुद्रिका १९८८ साली आली आणि जगाने कोरा तसाच ऐकला. ते वादन थोर आहे, पण त्यात कथाकाराला जागा ठेवलेली नाही, कारण तिथे कथाकार नाहीच. गोष्टीसाठी गांबियातल्या, दक्षिण सेनेगलच्या कासामांस भागातल्या जालींचे बोलत-गात केलेले सादरीकरण ऐका. तिथे वादक किती कमी वाजवतो ते ऐका.

त्यांच्या कामाचे चार घटक ओळखता आले पाहिजेत. कुंबेंगो म्हणजे सतत फिरणारी मूळ चाल. बिरिमिंतिंगो म्हणजे त्या चालीतून बाहेर पडून घेतलेल्या वेगवान, बहुधा वरून खाली उतरणाऱ्या ताना. दोंकिलो म्हणजे गायचे ठरलेले पद. आणि सातारो म्हणजे पठण: नावे, वंशावळी, बिरुदे, म्हणी, भराभर आणि चढ्या आवाजात. याखेरीज साधे गद्य निवेदन असतेच. नियम असा धरा, की निवेदन, सातारो आणि दोंकिलो या तिन्हींच्या खाली कुंबेंगो चालू असतो. बिरिमिंतिंगो फक्त तोंड बंद असताना येतो. ताना घेत बोलायचा प्रयत्न केला की दोन्ही बिघडते, मोठ्या वादकांचेही.

एक सराव देतो. ही कुठलीही पारंपरिक रचना नाही, हात सुटा करण्यासाठी आहे. आठ मात्रा, मिनिटाला साधारण ६०. एक: डावा अंगठा मंद्र सा. दोन: उजवा अंगठा मध्य प. तीन: डावी तर्जनी तार सा. चार: उजवा अंगठा मध्य ग. पाच: डावा अंगठा मंद्र प. सहा: उजवी तर्जनी तार रे. सात: डावा अंगठा मध्य रे. आठ: उजवा अंगठा मध्य प. सात स्वर आणि चार बोटे, बस. हे चालू असताना आधी १०० पासून उलटे आकडे मोठ्याने म्हणा. मग घरच्या कोणाला तरी प्रश्न विचारायला सांगा: आज भाजी काय, उद्या कुठे जायचे, आणि चाल न तोडता उत्तरे द्या. मग वर्तमानपत्रातली बातमी वाचा. हे तिन्ही जमेपर्यंत गोष्टीला हात लावू नका. बहुतेकांची चूक इथेच होते. चाल ‘येते’ म्हणून ते लगेच कथा सुरू करतात, पण लक्ष न देता चाल येणे ही वेगळी पायरी आहे आणि तिला वेळ लागतो. पारंपरिक चाल शिकायची तर ‘केलेफाबा’पासून शिका. सेनेगांबियातल्या जुन्या काआबू राज्यातला योद्धा केलेफा साने याच्या नावाची ही चाल नवशिक्याला सर्वांत आधी शिकवतात, त्यामुळे ती शिकवणारे सहज भेटतात.

बोलणे सुरू झाले की तीन बिघाड ठरलेले. पहिला, शब्द मात्रांवर पडू लागतात आणि गद्याची कविता होते. मुले दोन मिनिटांत कंटाळतात. यावर उपाय म्हणून वाक्य मुद्दाम पहिल्या मात्रेवर सुरू करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला सुरू करा, आवर्तनाच्या मधेच संपवा, आणि वाक्य संपल्यावर निदान एक आवर्तन नुसते जाऊ द्या. त्या रिकाम्या आवर्तनात ऐकणारा चित्र पाहतो. दुसरा बिघाड, कथेत धावपळ आली की हात धावतात. कुंबेंगोची गती ठाम ठेवून फक्त आवाजाची गती वाढवली तर ताण जास्त निर्माण होतो, कारण ऐकणाऱ्याला दोन्ही गतींमधले अंतर जाणवते. तिसरा, वाद्य आवाज झाकते. बाईच्या बोलण्याची पट्टी कोऱ्याच्या मधल्या तारांच्या आसपास येते, त्यामुळे बोलताना तिथल्या तारा कमी करून चाल खालच्या तारांवर आणा. पुरुषाच्या खर्ज आवाजाला उलटे. घोडीवर झणझण करणारी कड्या लावलेली धातूची पट्टी असेल, न्येन्येमो म्हणतात तिला, तर ती ठेवायची की नाही हे खोली पाहून ठरवा. उघड्या अंगणात ती आवाज पोहोचवते, सिमेंटच्या वर्गात शब्द खाते.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा: एक प्रतिसाद देणारा माणूस सोबत घ्या. मान्दे कथनात जेलीच्या प्रत्येक ओळीनंतर कोणीतरी ‘नामू’ म्हणतो, म्हणजे होय, ऐकतोय, खरे आहे. पोवाड्यात शाहिराच्या ओळीला झीलकरी ‘जी जी’ देतात त्याच तऱ्हेचे हे काम आहे, आणि त्याचा फायदा कथाकाराला फार व्यवहारी असतो. प्रतिसादाच्या क्षणी श्वास घेता येतो, पुढचे वाक्य जुळवता येते, हात भरकटला असेल तर सावरता येतो. शाळेत हे काम मुलांनाच द्या. पहिल्या दोन मिनिटांत सराव करून घ्या. माझ्या अनुभवात कथाकाराचे हात आणि तोंड यांची फारकत सर्वांत लवकर यानेच होते, कोणत्याही बोटांच्या सरावापेक्षा.

निवडलेल्या गोष्टींबद्दलही बोलायला हवे. सुंजाता केइता हा तेराव्या शतकातला माली साम्राज्याचा संस्थापक. सोसोचा राजा सुमाओरो याच्याशी त्याची किरिनाची लढाई साधारण १२३५ मधली मानतात. ती कथा कोऱ्यावर सांगणे गांबियात रूढ आहे, चुकीचे अजिबात नाही. पण ‘सुंजाताच्या दरबारात कोरा वाजत असे’ असे मुलांना सांगू नका. त्या कथेतले वाद्य बालाफोन आहे, म्हणजे टिपऱ्यांनी वाजवायचे लाकडी पट्ट्यांचे वाद्य. सुमाओरोचा जादुई बालाफोन, तो वाजवणारा बाला फासेके कुयाते, आणि त्यानेच पुढे सुंजाताचा जेली होणे, हा कथेचा कणाच आहे. सोसो-बाला नावाचा तो मूळ बालाफोन म्हणून जपलेले वाद्य गिनीमधल्या न्यागासोला गावात कुयाते घराण्याकडे आहे, आणि युनेस्कोने २००१ मध्ये त्या परंपरेची वारसा म्हणून घोषणा केली. कोऱ्याचे मूळ सेनेगांबियातल्या काआबू राज्याच्या परिसरातले मानतात आणि ते बरेच नंतरचे. मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाच्या १७९९ च्या प्रवासवर्णनात ‘कोरो’ नावाची १८ तारांची मोठी हार्प नोंदलेली आहे. बालाफोनचा प्रसंग आला की मी कोरा थांबवून लाकडावर टिपरीने साधा ठेका धरायला सुचवतो. वाद्य बदलले की मुलांना ‘ते’ वाद्य वेगळे आहे हे सांगावे लागत नाही.

कथेतली पदे आणि ताना कुठे ठेवायच्या तेही ठरवून घ्या. न चालणारा सुंजाता लोखंडी कांबीच्या आधाराने उभा राहतो, ती कांब वाकून धनुष्यासारखी होते: इथे निवेदन थांबवा, एक आवर्तन नुसते, मग पद. आईचा अपमान, बाओबाबची पाने, हद्दपारी हे सगळे साध्या निवेदनात. लढाईआधी नावांचे पठण. लढाई संपल्यावर बिरिमिंतिंगो. लढाई चालू असताना ताना घेण्याचा मोह आवरा, त्या वेळी शब्दच हवेत.

अनान्सीच्या गोष्टींना कोरा घेऊ नका, असे मी स्पष्टच सांगेन. कोळी अनान्सी घानाच्या अकान लोकांचा, कोरा मान्दे लोकांचा. एकाच खंडातले असले तरी भाषा वेगळ्या, कथनाच्या रीती वेगळ्या. अकान कथनात गोष्ट चालू असताना ऐकणाऱ्यांपैकीच कोणी मध्येच ‘म्मोगुओ’ नावाचे गाणे उचलतो, सगळे टाळ्या धरतात, आणि मग गोष्ट पुढे जाते. शाळेसाठी हे तर वरदान आहे: दोन ओळींचे पद मुलांना शिकवा, ठरलेल्या शब्दावर ते उचलायला सांगा, टाळ्यांवर गोष्ट चालवा. अकानांचे तारवाद्य हवेच असेल तर ते सेपेरेवा. तसेच मालीतल्या शिकाऱ्यांच्या कथा डोंसो एन्गोनीवर चालतात, गॅबन आणि कॅमेरूनमधल्या फांग लोकांच्या महाकथा म्वेत या वाद्यावर, आणि तिथे वाद्य आणि महाकथा दोघांनाही म्वेत हेच नाव आहे. ‘आफ्रिकन गोष्टींसाठी आफ्रिकन वाद्य’ अशी जोडी लावली की हे सगळे पुसले जाते. कार्यक्रमात दोन गोष्टी दोन वेगळ्या रीतींनी आल्या तर मुलांना खंडाचा विस्तार कळेल.

बाईने वाजवण्याबद्दल: जेली घराण्यांत कोरा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांकडे होता, तर स्त्रिया गाणे आणि लोखंडी नळीवरचा ठेका सांभाळत. गाण्यात त्यांचा अधिकार मोठा, अनेकदा वादकापेक्षा मोठा. आज गांबियाच्या ग्रियो घराण्यातल्या सोना जोबार्ते जगभर कोरा वाजवतात आणि शिकवतात. तेव्हा ती अडचण नाही. मर्यादा आहे ती दुसरी. जेलीपण जन्माने येते: कुयाते, द्याबाते, सुसो, सिसोको ही घराणी विशिष्ट कुळांची स्मृती सांभाळतात आणि त्या कुळांशी त्यांचे देण्याघेण्याचे नाते असते. कोणाची वंशावळ कोणासमोर, कोणत्या प्रसंगी म्हणायची याचा अधिकार त्या नात्यातून येतो. मालीतल्या कांगाबा इथल्या कामाब्लोन या झोपडीचे छप्पर दर सात वर्षांनी नव्याने शाकारतात, तेव्हा केला गावचे द्याबाते जे कथन करतात त्याच्या ध्वनिमुद्रणालाही परवानगी नसते. म्हणून सुंजाताची गोष्ट जरूर सांगा, पण कुळांची बिरुदे जशीच्या तशी पाठ करून मंचावर म्हणू नका, स्वतःची ओळख ‘ग्रियो’ अशी करून देऊ नका, आणि ज्या सांगणाऱ्याकडून कथा ऐकली त्याचे नाव, गाव सुरुवातीलाच घ्या. सातारोच्या जागी मराठीत आपण बांधलेले, त्या प्रसंगातल्या माणसांच्या नावांचे पठण ठेवता येते. त्याने रीत राहते आणि कोणाचा ठेवा उचलला जात नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी वाद्य निदान एक तास आधी त्या खोलीत नेऊन, खोक्यातून काढून ठेवा. कातड्याला तिथल्या हवेशी जुळायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी लावलेला सूर वाया जातो. एकच मायक्रोफोन असेल तर तो तोंडासमोर ठेवा, कोऱ्यासमोर नको. दोन असतील तर दुसरा भोपळ्याच्या नादछिद्रापासून वीस-तीस सेंटीमीटरवर, थोडा तिरपा, नाहीतर खर्ज घुमतो. पहिली गोष्ट अनान्सीची, टाळ्यांवर. तेवढ्या वेळात कातडे स्थिर होते. मग सुंजाताच्या आधी मुलांसमोरच सा आणि प तपासून घ्या, घाई न करता.